नाव न घेता कापलेली गुळवेल

धुकं इतकं दाटलं होतं की दिल्लीतल्या द्वारकेच्या त्या सोसायटीत सातव्या मजल्यावरून खालचे दिवेही दिसेनात. जेवायला आलेला, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा निखिल राजेंद्रनगरच्या खोलीवर परत जायला निघाला, तेव्हा गुणवंतरावांनी त्याचे बूट पायानंच दाराआड सरकवले आणि त्याला मुकाट्यानं बसायला सांगितलं. परीक्षा कुठं पळून जात नाही, तीन वर्षं तिथंच आहे, असा टोमणाही मारला. निखिल ओशाळून बसला. नातीनं, उत्तरानं, रजई पायांवर ओढली आणि नेहमीचा हट्ट धरला, की आजोबा, कुछ डरावना सांगा, पण सच्चीवाला.

गुणवंतरावांनी बाल्कनीचं दार लावलं, मोठा दिवा मालवला आणि आरामखुर्चीत टेकले. सांगतो म्हणाले, पण मध्येच दिवा लावा म्हणायचं नाही.

तर श्यामकांत. गुणवंतरावांच्याच खात्यातला, त्यांच्याहून पुष्कळ धाकटा. इतका सरळ माणूस, की फाइलवर शेरा मारतानासुद्धा समोरच्याला वाईट वाटेल का याचा विचार करायचा. असल्या माणसाला बढती उशिरा मिळते, ती त्यालाही उशिराच मिळाली. तो आणि त्याची बायको कुमुद, दोघंच, मूलबाळ नाही. रिंग रोडच्या आत एका जुन्या सरकारी कॉलनीत त्यांचं तळमजल्याचं क्वार्टर होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर एक कडुनिंब, एका माणसाच्या कवेत न मावणारा. त्या निंबावर पार शेंड्यापर्यंत गुळवेल चढलेली. मनगटाएवढं तिचं खोड, आणि वरून दोऱ्यासारखी बारीक मुळं लोंबत असायची. दिल्लीवाले तिला गिलोय म्हणतात, आणि ती निंबावरची असली तर मग सोन्याहून पिवळं.

कॉलनीत कुणाला ताप आला की माणसं कुमुदकडे यायची. तिची एक रीत होती, आजोळाहून आलेली. तिन्हीसांजेच्या आत झाडाशी जायचं. खोडावर हात ठेवायचा. ज्याच्यासाठी वेल न्यायची त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, मग कांडं कापायचं आणि मुळाशी तांब्याभर पाणी घालायचं. नाव न घेता कापलं तर वेल स्वतःच विचारते, असं ती म्हणायची. आणि तेव्हा तोंडातून जे उत्तर जाईल, तेच ती धरून बसते. लोक हसायचे. श्यामकांतही हसायचा.

"तिन्हीसांज मतलब?" उत्तरानं विचारलं.

"दिवेलागण."

"दिवेलागण मतलब?"

गुणवंतरावांनी निखिलकडे पाहून कपाळाला हात लावला. "दिवस मावळून दिवे लागतात ती वेळ, बाई. त्या वेळेनंतर झाड झोपतं. झोपलेल्याला हात लावू नये."

मग कॉलनी पाडायची ठरली. क्वार्टरं रिकामी झाली आणि ही दोघं इथंच द्वारकेत, पलीकडच्या सेक्टरात भाड्याच्या फ्लॅटमध्ये आली. आणि कुमुद आजारी पडली. हॉस्पिटल झालं, तपासण्या झाल्या, औषधं चालूच होती. पण ताप चार दिवस उतरायचा आणि पुन्हा चढायचा. डॉक्टर धीरही देईनात आणि नाहीही म्हणेनात. हातांना सूज आली. हिरव्या बांगड्या मनगटात रुतून बसल्या. मदतीला नाशिकहून आलेली तिची बहीण स्वरूपा म्हणाली की फोडून काढू या, पण कुमुदनं ऐकलं नाही.

श्यामकांत दिवसा ऑफिसात आणि रात्री तिच्या उशाशी. असे तीन महिने गेले. पाण्याचा पेला हातात घेऊन तो उभा राहायचा आणि कशासाठी घेतला ते विसरायचा. मेट्रोत उभ्या उभ्या झोपायचा. बायकोवर त्याचा जीव होता, त्यात शंका नको. पण जीव असला म्हणजे माणूस दमत नाही, असं थोडंच आहे?

एका सकाळी कुमुद म्हणाली, "माझ्या निंबावरची गुळवेल आणाल? उजेड असताना जा. आणि माझं नाव घ्या."

गुळवेलीनं काय गुण येणार होता, देव जाणे. पण तीन महिन्यांत तिनं मागितलेली ही पहिली गोष्ट होती. त्याला वाटलं, एवढं केलं तर ही उठेल. वेड्यासारखंच वाटलं, पण वाटलं.

ती पौषातली अमावस्या. आजच्यासारखंच धुकं. चारला निघायचं म्हणून त्यानं टेबल आवरलं आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तशी साहेबांनी मीटिंग लावली. सुटला तेव्हा अंधार पडून किती तरी वेळ झाला होता. फोन मीटिंगमध्येच मान टाकून बसलेला. उद्या जावं, असं त्याच्या मनात आलं. पण रिकाम्या हातानं घरी जाऊन तिच्या डोळ्यांत बघायचं त्याच्या जिवावर आलं.

कॉलनीभोवती पत्र्याचं कुंपण होतं. चौकीदार पुठ्ठे जाळून शेकत बसला होता. "साब, सुबह आना, कोहरा बहुत है," तो म्हणाला. श्यामकांतनं दोन मिनिटांचं काम आहे म्हणून हात जोडले आणि आत गेला.

आत एकही घर उरलं नव्हतं. विटांचे ढीग आणि मधूनमधून झाडं. झाडं तेवढी ठेवली होती, बुंध्यांवर पांढऱ्या रंगानं आकडे घालून. अठरा वर्षं राहिलेल्या जागेत त्याला आपलं दार कुठं होतं ते कळेना. शेवटी निंबानंच त्याला खूण दिली. थंडीनं गुळवेलीची पानं झडली होती. नुसती खोडं, पिळे घालून वर गेलेली. आणि वरून लोंबणारे ते दोरे.

त्यानं पिशवीतून सुरी काढली.

पाण्याची बाटली रिकामी होती. झोपेनं त्याचा तोल गेला. खोडावर हात ठेवला तो आधारासाठी. नाव घ्यायचं त्याच्या लक्षातच आलं नाही. वरचं कोवळं कांडं घ्यायचं सोडून, हाताला लागलं तिथंच, खालचं जाड खोड त्यानं कापलं. आरपार.

वेल हलली. खालपासून वर, शेंड्यापर्यंत.

वारा नव्हता.

"कुणासाठी?"

आवाज ओळखीचा होता. दमलेला, हळू. त्याला वाटलं, फोन चालू आहे आणि पलीकडून कुमुद विचारते आहे. सवयीनं तो चिडला. इतक्या महिन्यांचा शिणवटा एकदम तोंडात आला.

"माझ्यासाठी," तो म्हणाला. "सुटू दे मला एकदाचं."



मग, अगदी वरून... "बरं."

त्यानं खिशातून फोन काढला. काळा. बंद. मीटिंगपासून बंद...

त्यानं वर पाहिलं नाही. पाहायला हवं होतं की नको, ते त्याला आजही ठरवता येत नाही. कांडं मुठीत घट्ट धरून तो चालत सुटला. पाठीमागे दोरे एकमेकांवर घासल्यासारखं काही तरी... पत्र्याच्या दारापर्यंत.

घरी पोचला तर कुमुद उशीला टेकून बसली होती. कित्येक दिवसांत बसली नव्हती. स्वरूपा आनंदानं सांगत होती की, मघाशी आपली आपणच उठली, ताईच्या अंगात तापही नाही. त्यानं कांडं ठेचलं, उकळलं, वाटीत ओतून आणलं.

"नाव घेतलंत?"

"हो."

"कुणाचं?"

"तुझं."

कुमुदनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. एक घोट घेतला. गुळवेल म्हणजे विषासारखी कडू, लहान मूल थुंकून टाकतं. तिच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. तिनं वाटी त्याच्या हातात दिली.

"ही माझी नाही," ती म्हणाली. "तुम्ही प्या. किती दमलात."

आणि तो प्याला. कडूजहर होती. पिता पिता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यानंतर त्याला जी झोप लागली, ती तीन महिन्यांची झोप होती. स्वरूपानं हाका मारल्या तेव्हा उजाडलं होतं.

कुमुद गेली होती.

उत्तरानं रजई तोंडापर्यंत घेतली होती. गुणवंतरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

आंघोळ घालताना स्वरूपाच्या लक्षात आलं, उजव्या हातातली एक बांगडी कमी आहे. फोडल्याशिवाय निघणं शक्य नव्हतं. अंथरूण झटकलं, पलंगाखाली पाहिलं. काचेचा तुकडासुद्धा नाही. त्या घाईत मग ते राहूनच गेलं.

तेरावा झाल्यावर श्यामकांत गुणवंतरावांकडे आला आणि त्यानं हे सगळं सांगितलं. दमल्यानं माणसाला भास होतात, असं गुणवंतरावांनी त्याला समजावलं. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "गुणवंतराव, त्या रात्रीपासून मी दमतच नाही. कितीही चाललो तरी." ते त्यानं अशा आवाजात सांगितलं की त्यांनी समजावणं सोडून दिलं. झाडाला पाणी घालायचं राहिलंय, एवढंच ते म्हणाले. दोघं निघाले. भर दुपारी, लख्ख उन्हात.

कापलेली वेल वाळली नव्हती. वरच्या टोकातून एक पांढरा दोरा निघून मातीपर्यंत पोचला होता. त्यात नवल नाही, गुळवेल तशीच जगते, कुणीही सांगेल. श्यामकांतनं तांब्या ओतला. खोडावर हात ठेवला आणि कुमुदचं नाव घेतलं, तेव्हा घ्यायचं राहिलेलं. आणि त्याचा हात तिथंच थांबला.

कापलेल्या जागेच्या वर, जाड खोडाभोवती, एक हिरवी बांगडी होती. अखंड. साल तिच्यावरून निम्मी वाढून गेली होती, झाडाला ती वर्षानुवर्षांची असावी तशी. गुणवंतरावांनी बोट लावून पाहिलं. ती जरासुद्धा हलली नाही.