बर्फात ठेवलेली पिशवी

इस्पितळाच्या खिडकीशी वेदवतीने पिवळ्या पिशवीत हात घातला, आणि वर आला तो मेणाचा इवलासा पाय!

पिशवी बदलली होती. पापनाशम् सोडल्यापासून बसमध्ये शेजारी बसलेल्या त्या तरुणाकडेही अशीच पिशवी होती, नात्यातल्या दिव्यश्रीच्या लग्नात वाटलेली, नवरानवरीची नावं छापलेली. इकडे दक्षिणेत मराठी घरं मोजकी. एक लग्न झालं की वर्षभर सगळ्यांच्या हाती तीच पिशवी. आणि तिच्या पिशवीत होती – देवा! – शौचाच्या नमुन्याची डबी.

इतक्यात तोच धापा टाकत आला. बाह्या ओल्या, हातातल्या पिशवीतून पाणी ठिबकतंय.

"मी मध्वेश. स्वामीमलैला धातूच्या मूर्ती ओतायच्या आधीं त्यांचें मेण घडवतों. देवाचा पाय तुम्हांकडे राहिला, अहो!"

"आणि हें पाणी?"

"डबीवर लिहिलेंय, थंड ठेवा मेणून. कुल्फी असेल समजलों… बर्फ मागून घातलों."

ती खळखळून हसली. थाप तयार होती जिभेवर. खरं कळल्यावर एका स्थळाने पाठ फिरवली होती, तेही आठवलं. पण त्याच्या बाह्या अजून गळत होत्या.

"कुल्फी नाहीं तें. मला एचआयव्ही आहे, जन्मापासून. गोळ्या चुकवत नाहीं, रक्तांत विषाणू सापडत नाहीं. पण रक्त कमी आहे, दम लागतो. पोटांतल्या जिवाणूंचा त्याशीं संबंध आहे का, तें इथें शोधतात. नमुना त्याचसाठीं."

आता हा जाईल, तिला वाटलं.

"पोटांत जिवाणू?" तो जागचा हलला नाही. "किती?"

"महामहमाच्या पर्वाला तळ्यावर न्हायला माणसें लोटतात त्याहून कितीतरी जास्त! सूक्ष्मदर्शकांत दाखवलें मला. एका थेंबांत… सगळें हलत होतें. कोण रक्ताला मदत करतो, कोण अडवतो, डॉक्टरांनाही पुरतें ठाऊक नाहीं."

"माझ्यांतही?"

"सगळ्यांत."

त्याने अलगद स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "देवाचें एक बोट सरळ जमलें कीं मी दिवसभर फुगतों… आणि हें कोण घडवलें!" तो पोटाकडे पाहत होता, मग तिच्याकडे पाहू लागला, आणि नजर काही हटेना. इतकं थक्क होऊन तिच्याकडे आजवर कुणी पाहिलं नव्हतं. ती लाजली, अगदी कानापर्यंत.

त्यानंतर आठवड्यातून दोनदा तरी बसमधली आपल्या शेजारची जागा त्याने तिच्यासाठी धरलेली असे. तीन महिन्यांनी दुसरा नमुना द्यायला ती आली, तर खिडकीशी मध्वेश उभा. हातात कोरी पिवळी पिशवी. वर नावं छापलेली – वेदवती, मध्वेश. तारखेची जागा मात्र रिकामी.

"डॉक्टरीणबाईंना सगळें विचारलों," तो अडखळला. "लागण, मुलें, सगळें. आतां… तुला विचारायचें राहिलें."

वेदवतीचे डोळे भरून आले. "मी एकटी नाहीं येणार हं. आंतलें अख्खें महामहम् घेऊन येईन."

"येऊं दे. सगळ्यांना पान वाढूं."

तिने जुन्या पिशवीतली डबी काढून नव्या पिशवीत ठेवली.

"बर्फ आणलास?" तिने विचारलं.