कोरड्या आठवड्यातला चिखल

“थांबू नकोस विल्फ! थांबलास की चिखल बूट काढून घेतो!”

हेस्टर उतारावरून ओरडली, पण उशीर झाला होता. चपक्! विल्फचा डावा बूट चिखलात रुतला आणि तो बगळ्यासारखा एका पायावर उभा राहिला.

“हसू नकोस सुमैरा! ईस्टरपर्यंत गोड सोडलंय मी. अंगात त्राणच नाही.”

“गोड बन खाल्ला असतास तर आणखी खोल गेला असतास!” सुमैरा म्हणाली.

शाळेला सुट्टी लागली होती आणि शनिवारी हॅगवुड पार्कमधली शर्यत होती. तीन चढ, तीन उतार आणि सगळ्यांत तळाशी ‘कढई’, म्हणजे चिखलाचा खोलगट पट्टा. यॉर्कशरच्या त्या गावात कढईतून स्वच्छ पायांनी बाहेर येणाऱ्याला कुणी धावपटू म्हणतच नसे! तिघं रोज सकाळी सराव करत. चढावर हेस्टर नेहमी शेवटची. उतारावर मात्र ती पाण्यासारखी जायची. विचार न करता, वाट सापडेल तशी.

बूट ओढून काढताना सुमैरा अचानक थांबली.

“काल इथे घोट्याएवढा चिखल होता. आज गुडघ्याएवढा आहे. आणि दहा दिवसांत पाऊस कुठे पडलाय?”

तिघांनी कान टवकारले. धुकं अजून झाडांच्या बुंध्यांशी रेंगाळत होतं. कोवळ्या पानांवरून थेंब ओघळत होते, आणि त्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता... बारीक, सलग, झुळझुळ.

गवतातून पाण्याची एक चिंचोळी धार कढईत उतरत होती. तिच्या मागोमाग ती चढत गेली आणि वर पोहोचताच हेस्टर किंचाळली.

“माझं तळं!”

तीन आठवड्यांपूर्वी बेडकांची अंडी पहिल्यांदा तिलाच दिसली होती. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा मऊ ढीग, प्रत्येक दाण्यात एक काळा ठिपका. तेव्हापासून तिचा नेमच झाला होता. सकाळी आधी तळं, मग सराव, मग न्याहारी. आता ठिपके लांबट झाले होते, त्यांना शेपटी फुटत होती. पण पाणी वीतभर खाली गेलं होतं, आणि ढिगाची एक कड उघड्या गाळावर सुकत होती.

तळ्याच्या तोंडाशी पाणी अडवायला खाचेत बसवलेली लाकडी फळी कुणीतरी उपसून नेच्यांच्या झुडपांत लपवली होती!

“आणखी वीतभर उतरलं तर एकही जगणार नाही,” हेस्टर पुटपुटली.

त्यांनी फळी परत बसवली आणि फटी चिखलाने लिंपल्या. सुकणारी अंडी हेस्टरने ओंजळीने पाण्यात सोडली, अगदी हळू, जणू कुणी झोपलंय.

दुसऱ्या दिवशी फळी पुन्हा नेच्यांत!

“आता बघाच,” विल्फ म्हणाला. धावण्याच्या क्लबने शर्यतीची वाट आखायला ठेवलेल्या पिठातलं मूठभर त्याने मागून आणलं आणि फळीजवळच्या दगडावर भुरभुरलं. पुढच्या सकाळी त्यावर बुटाचा ठसा उमटला होता. मोठा बूट, तळाला दाते, टाचेचे दोन दाते गायब.

क्लबच्या खोलीत चिखल नेलेला चालत नसे, म्हणून सगळ्यांचे बूट दाराबाहेर रांगेत असत. तिघं वाकून एकेक बूट उलटा करत गेली. सातव्या जोडापाशी हेस्टर खालीच बसली.

“हे क्लेमकाकांचे.”

तिचे सख्खे काका! शर्यतीचे प्रमुख! आदल्या संध्याकाळीच तिने त्यांना सांगितलं होतं, “काका, तळं आटतंय.” आणि ते हसून म्हणाले होते, “अगं, तळी कमी-जास्त होतातच. कढई बघितलीस? यंदा झकास जमलीय!”

“कोरड्या कढईची शर्यत म्हणजे त्यांची नाचक्की,” सुमैरा हळूच म्हणाली.

“सांगून ते ऐकत नाहीत,” हेस्टर उठत म्हणाली. “त्यांना दाखवायलाच हवं.”

शुक्रवारी सकाळी तिघं टेकडीच्या माथ्यावर होती. खाली झाडीतून काकांची लाल टोपी तळ्याकडे निघालेली दिसली.

“फळी ओढायला कितीसा वेळ लागतो!” विल्फ घाबरला.

“आम्ही अडवतो. हेस्टर, तू बोकडउतारावरून जा, तो थेट तळ्यापाशी उतरतो!” सुमैराने त्याला ओढलं आणि ती दोघं लाल टोपीच्या वाटेत आडवी झाली.

“क्लेमकाका! उद्या धावपटूंच्या सामानाची तपासणी आहे ना? माझं आत्ता बघाल? शिट्टी, नकाशा, जाकीट...”

काका चुळबुळले. पण तपासणीला ‘नाही’ म्हणणारा प्रमुख त्या गावात जन्मलाच नव्हता!

“दाखव. शिट्टी वाजव. हं. जाकिटाला टोपी कुठंय?”

“माझ्याकडे शिट्टी आहे, पण आतला मणी हरवलाय,” विल्फ अतिशय सावकाश म्हणाला.

तिकडे हेस्टर सुटली होती! ओला पाला, मुळं, निसरडी माती... पाय टेकतोय की नाही तेही कळत नव्हतं. धुकं गालांना लागून मागे जात होतं. एकदा ती घसरली, पाठीवर पडली, तशीच घसरत तळाशी आली आणि धापा टाकत फळीवर जाऊन बसली.

काका आले आणि जागच्या जागी थिजले.

“ऊठ, हेस्टर.”

“नाही उठणार.”

“उद्या दीडशे माणसं येणार आहेत! चिखल नको त्यांना?”

“हवा ना. पण आधी इथे बघा, काका. एकदाच.”

ते कुरकुरत गुडघ्यांवर बसले. पाण्याखाली साबुदाण्यातला एक ठिपका थरथरला. वळवळला. पडदा फाटला, आणि केसाएवढी शेपटी हलवत एक जीव बाहेर आला.

“तुम्ही पाणी सोडलंत की कडेची अंडी उघडी पडून सुकतात,” हेस्टर म्हणाली.

“हे... माझ्यामुळे सुकत होते?” काका पुटपुटले. मग त्यांनी आपला हातरुमाल काढून फळीच्या फटीत कोंबला.

शनिवारी कढईत जेमतेम घोटाभर चिखल होता. धावपटू कुरकुरले. क्लेमकाका बाकावर चढले.

“चोरून तळं फोडून चिखल करत होतो मी! या तिघांनी मला पकडलं. आज तळ्यापाशी कुणी आरडाओरडा करायचा नाही. तिथे बाळं आहेत.”

हशा पिकला, टाळ्या पडल्या. काका खाली उतरून हेस्टरपाशी आले.

“तीस वर्षं या वाटेवरून धावलो, पोरी, पण तळ्यापाशी कधी थांबलो नाही. तू थांबवलंस.”

हेस्टरचे कान लाल झाले.

“पुरे आता, काका! शिट्टी वाजवा ना, सगळे खोळंबलेत!”