जुन्या फोल्डरमधली हजेरी

"घर रंगवायला काढलं की सामानाचं काय करतो आपण?" रुक्सानाबाईंनी विचारलं.

"एका खोलीत कोंबतो," मारिया म्हणाली. "आमच्याकडं खोली एकच हाय, म्हणून माझ्या डोक्यावर कोंबतात."

वर्ग हसला. नवी पेठेच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानावरची ती खोली. नऊ मुलं, एक कॉम्प्युटर आणि तिसऱ्या फेरीला कुरकुरणारा पंखा. निवृत्त झाल्यापासून रुक्सानाबाई तिथं रोज चार वाजता चाळीस मिनिटांचा तास घेत. कुणाचे आईबाप टॉवेलच्या कारखान्यात, कुणाचे दुकानांत. घरी कॉम्प्युटर एकाकडेही नव्हता.

"तसंच झालंय," त्या म्हणाल्या. "सोहेबनं नवी विंडोज टाकली, पण जुनी फेकली नाही. तिचं सगळं सामान 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरमध्ये कोंबून ठेवलं. ते चालत नाही, बोलत नाही. नुसती जागा अडवतं."

"मग फेका की," विरुपाक्ष म्हणाला.

शिष्यवृत्तीच्या सरावाचं सॉफ्टवेअर टाकायला चाळीस जीबी लागणार होते. मोकळे होते तेवीस. परीक्षा महिन्यावर आली होती. बाईंनी दुरुस्तीवाल्या सोहेबला फोन लावला.

"खाला, दहा दिवस थांबा की," तो म्हणाला. "जुन्यातलं काय पायजे ते काढून घ्या. दहा दिवसांनी ते आपोआप जातं. घाई असंल तर आजच उडवा, एक बटण हाय."

घाई होती. तरी बाईंनी बटण दाबलं नाही. त्या फोल्डरच्या आत आणखी एक फोल्डर होता, आणि त्याचं नाव होतं 'हमजा'.

हमजा त्यांचा मुलगा. हा कॉम्प्युटर त्यानंच जोडला होता, माइकही त्यानंच बसवला होता. दोन वर्षांपूर्वी वळसंगच्या शाळेला जुनी पुस्तकं पोचवायची होती. जायचं होतं बाईंना. "माझा तास चुकेल. तू जा," त्या त्याला म्हणाल्या होत्या. तास झाला. स्कूटर परत आली नाही. भेटायला येणारे म्हणत, नशिबात होतं. बाई त्यांना चहा देत आणि मनात म्हणत, नशिबात नव्हतं, माझ्या वेळापत्रकात होतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या फळ्याच्या कोपऱ्यात रोजची मोकळी जागा लिहू लागल्या. मुलांना वजाबाकीचा सराव. तेवीस, बावीस, एकवीस.

"बाई, रोज एक जीबी कमी होतंय," मारियानं हिशेब मांडला. "तुमच्या तासाचं रेकॉर्डिंग तर अर्ध्या जीबीचं असतं. उरलेला अर्धा कोण खातंय?"

गैरहजर मुलांना ऐकता यावा म्हणून बाई प्रत्येक तास रेकॉर्ड करत. प्रश्न बरोबर होता. "शाबास," त्या म्हणाल्या. "शोधते."

मुलं गेल्यावर त्यांनी फोल्डरांची मापं घेतली. नव्यात त्यांच्या रेकॉर्डिंगांशिवाय काहीच वाढलं नव्हतं. वाढत होता जुना. हमजाच्या फोल्डरमध्ये 'तास' नावाच्या खणात तीन फाइली होत्या, परवाची, कालची, आजची. प्रत्येकीची लांबी चाळीस मिनिटं.

घड्याळ चुकलं असेल, असं म्हणत बाईंनी हेडफोन लावला.

पंख्याची कुरकुर, तिसऱ्या फेरीला. मग हजेरी. त्यांच्या वर्गात कुणी 'हजर' म्हणत नसे. काल शिकलेला एक नवा शब्द सांगायचा, ही बाईंची पद्धत.

"विरुपाक्ष."

"बाष्पीभवन."

"मारिया."

"धोटा."

आज चार वाजता त्या दोघांनी हेच शब्द सांगितले होते. 'धोटा' म्हणजे काय ते मारियानं हातमागाचं चित्र काढून दाखवलं होतं. फळ्यावर ते चित्र अजून होतं.

पण नावं पुकारणारा आवाज हमजाचा होता.

बाईंनी हेडफोन काढून ठेवला. मग, आयुष्यभर मुलांना जे शिकवलं तेच केलं. पडताळून पाहिलं. फाइल पेन ड्राइव्हवर घेतली आणि खालच्या दुकानातल्या लॅपटॉपवर लावली. चाळीस मिनिटं नुसता पंखा. वर येऊन जुन्या फोल्डरमधून लावली, तर हमजा अपूर्णांक शिकवत होता. त्यांच्याच उदाहरणानं, एका भाकरीचे सहा तुकडे करून.

पुढं रोज पाच वाजता त्या ऐकत बसू लागल्या. सोहेबला सांगितलं नाही. फळ्यावर वीस, एकोणीस, अठरा.

"बाई, फेकलं का नाही अजून?" विरुपाक्ष रोज विचारी. "परीक्षा काय तुमच्या सामानासाठी थांबणार हाय का?"

"नाही थांबणार," बाई म्हणत. आवाज त्यांना स्वतःलाच कडू लागे.

आठव्या दिवशी रेकॉर्डिंगमध्ये मारियानं विचारलं, "सर, तुमच्या अम्मी पण शिकवायच्या ना?"

पंखा दोनदा कुरकुरला.

"हां," हमजा म्हणाला. "वळसंगला पुस्तकं द्यायला मी जाणार होतो. तास कोण घेईल म्हणून मी अम्मीला पाठवलं. तास काय, दुसऱ्या दिवशीही झाला असता."

खाली गल्लीत रिक्षावाला कुणावर तरी ओरडत होता. सगळं होतं तसं होतं.

नवव्या दिवशी हमजा मुलांना हार्ड डिस्क समजावत होता. घर रंगवायला काढलं की सामानाचं काय करतो आपण, तिथूनच.

दहाव्या दिवशी पाच वाजता बाईंनी हेडफोन लावला.

"सरावाचं सॉफ्टवेअर बसत नाही," हमजा सांगत होता. "जुन्या फोल्डरमध्ये अम्मीचे तास आहेत. खोटं वाटेल तुम्हाला, पण त्यात रोज भर पडते."

"मग फेका की, सर," विरुपाक्षचा आवाज.



"व्हय," हमजा म्हणाला. "तुमची परीक्षा महत्त्वाची. अम्मी असती तर तिनंही हेच सांगितलं असतं."

बाईंच्या पडद्यावर 'काढून टाका' हे बटण समोरच होतं. माऊसवर हात होता. आधी आपण दाबलं तर?

त्यांनी हात काढून घेतला. माइक चालू केला, तोंड जवळ नेलं. "फेक बेटा," त्या म्हणाल्या. "मुलांचा तास चुकायला नको."

कॉम्प्युटर बंद करून त्या घरी गेल्या.

अकराव्या दिवशी जुना फोल्डर नव्हता. दीडशे जीबी मोकळे होते. सोहेब फोनवर म्हणाला, "म्हणलं न्हवतं का खाला, आपोआप जातं." सॉफ्टवेअर बसलं. चारला तास झाला, हजेरी झाली. बाईंनी सरावाच्या चौथ्या प्रश्नावर कारकुनाच्या चष्म्याचा जुना विनोद सांगितला आणि मुलं पोट धरून हसली. मारिया तेवढी ताप आल्यामुळं आली नव्हती.

बाराव्या दिवशी ती साडेतीनलाच आली आणि कालचा तास ऐकायला बसली. बाई फळा पुसत होत्या. थोड्या वेळानं मारियानं एक कान मोकळा केला.

"बाई, तुम्ही काल शिकवलं नाही का?"

बाईंनी तिच्या हातून हेडफोन घेतला आणि फाइल पहिल्यापासून लावली.

पंखा. मग विरुपाक्ष म्हणाला, "विषुववृत्त." पंखा. दुसरं मूल, दुसरा शब्द. पुन्हा पंखा. प्रत्येक शब्दाआधी एक नाव मावेल एवढी जागा मोकळी होती. नंतर बराच वेळ नुसती कुरकुर, आणि मग आठही मुलं एकदम पोट धरून हसली.