चौदावं कार्ड

टक्...

दुपारच्या शांततेत डब्याचं झाकण वाजलं आणि डोळे न उघडताच मला कळलं, हा डबा खाण्याचा नाही. पोह्यांच्या डब्याचं झाकण भप्पकन उघडतं, साखरेचं घासत निघतं. हा आवाज फक्त वरच्या फळीवरच्या जुन्या बिस्किटांच्या डब्याचा. त्यात नखाएवढी चौदा मेमरी कार्डं आहेत आणि दोऱ्यानं बांधलेला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. कितीतरी वर्षांत तो डबा कुणी उघडला नव्हता.

मी लेकीच्या, इंदूच्या पाठीवर हात ठेवून झोपल्यासारखी पडून होते. पापण्यांच्या फटीतून नवऱ्याची, गोरखची पाठ दिसली. शर्ट इतका ढिला झालेला, की आतला माणूस कुठे संपतो ते कळू नये. त्यानं खिशातून घडी घातलेला एक कागद काढला, चिठ्ठ्यांच्या खाली सारला आणि तळव्यानं झाकण दाबलं... अगदी हळू. तरी ते वाजलंच.

त्यानं वळून पाहिलं. मी डोळे मिटले.

तो कागद कसला, हे मला ठाऊक होतं. चार दिवसांपूर्वी इंदूचा जन्मदाखला शोधताना त्याची दवाखान्याची फाइल हाती लागली होती. जूनमध्ये तो पोट दाखवायला एकटाच पुण्याला गेला होता. माझ्याकडे फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग होता, म्हणून मी गेले नाही. आल्यावर म्हणाला, "अल्सर आहे गं. गोळ्या दिल्यात." फाइलमधल्या कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात होतं, पान १/३. दुसऱ्यावर पान २/३. पुढे काही नाही. पिन काढल्याची दोन भोकं तेवढी.

दुसऱ्या कुणाचं असतं तर वाटलं असतं, हरवलं असेल. पण गोरखला मी ओळखते. शेवट कापणं हा त्याचा जुना धंदा.

*

तेव्हा तो वडगावला, तहसील कचेरीसमोरच्या बोळात, मोबाइलच्या दुकानात कामाला होता. आमची वाडी वर डोंगरात. तिथं रेंज नाही, काही नाही. माझा बा, शिदू, लोणावळ्याच्या एका बंगल्यावर पावसाळ्याआधीचं प्लास्टिक अंथरताना छपरावरून पडला आणि कंबरेखाली लुळा झाला. तेव्हापासून दिवसभर खाटेवर, छातीवर मोबाइल आणि त्यात पिक्चर. दर शनिवारी मी खाली उतरून कार्ड भरून आणायची.

एका शनिवारचा पिक्चर असा निघाला, की बा दोन दिवस जेवला नाही. सोमवारी सकाळी मी दुकानात.

"काय भरून दिलंत हो ह्यात?" मी कार्ड काउंटरवर आपटलं. एवढुसं ते... आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही.

"चालत नाही का?"

"चालतंय की. लय चांगलं चालतंय. माझा बा जेवंना झालाय! त्यात बाप मरतो, ठाव हाय का तुमाला?"

त्यानं पहिल्यांदाच वर पाहिलं. कानावर पेन, हातात कुणाच्यातरी मोबाइलची उघडलेली पाठ. "अं... मी बघितला नाही तो."

"न बघता भरता? घरी कालवण न चाखताच वाढता व्हय?"

तो हसला. एक दात दुसऱ्यावर थोडा चढलेला, म्हणून हसताना तोंडावर हात धरायची सवय. "बरं," हाताआडून म्हणाला, "इथून पुढे चाखून वाढीन."

पुढच्या शनिवारी नवंच कार्ड एका चिठ्ठीत गुंडाळून आलं. तिथून पुढे दर शनिवारी नवं.

'जुना. काळा-पांढरा. हिरॉइन पुरात वाहून जाते पण काजळ वाहत नाही. शेवटी लग्न. तुमच्या आबांना चालेल.'

त्याच्या पुढच्या शनिवारी –

'नवीन. हिरो चाळिशीचा आणि कॉलेजात नापास होतोय. मारामारी भरपूर, जेवणाचा सीन एकही नाही. दोन गाणी पुढे ढकला. शेवट गोड.'

मी चिठ्ठीच्या पाठीवर लिहून पुढच्या खेपेला परत दिलं, 'जेवणाचा सीन कशाला हवा?'

उत्तर आलं, 'उपाशी पोटी माणसं इतका वेळ भांडतात हे पटत नाही. त्या सोमवारी तुम्ही जेवून आला होतात का?'

मी ती चिठ्ठी पायवाटेवर उभी राहून तीनदा वाचली. जेवले नव्हते, हे त्याला कसं कळलं असेल...?

मग काय, पिक्चर बाजूला आणि चिठ्ठ्याच सुरू. मी लिहायची, जुन्या पिक्चरमधली माणसं एकमेकांचं बोलणं पुरं होऊ देतात, नव्यातल्यांना सारखी कुठलीतरी गाडी पकडायची असते. तो लिहायचा, जुन्यांत चांगला माणूस कपड्यावरूनच कळतो, नव्यांत मध्यंतरापर्यंत थांबावं लागतं... माझा शर्ट कसा वाटतो? मी लिहिलं, 'मध्यंतरापर्यंत थांबा.'

बा मात्र म्हणायचा, "आजकालचे पिच्चर लय लवकर संपत्यात गं. पर बरं हाय. समदी हासत असत्यात, तवाच संपत्यात."

मला काही शंका आली नाही. रविवारी मी लोणावळ्याच्या बंगल्यांवर साफसफाईला जायची. तिथं एकदा पाहुण्यांच्या टीव्हीवर आमच्याच कार्डातला पिक्चर लागला होता. फडकं हातात धरून मी दाराशी उभी राहिले. आमचा पिक्चर नवरा-नवरीच्या गळ्यात हार पडले तिथं संपला होता. इथं हारांनंतर आणखी वीस मिनिटं होती, आणि त्यात नवरदेव गोळी लागून पडला.

"तुमी शेवट कापता?" दुसऱ्या दिवशी मी दुकानात. बाहेर बारीक भुरभुर, दारावर निळं प्लास्टिक टांगलेलं.

त्यानं पेन काढून पुन्हा कानावर ठेवलं. "आबा दोन दिवस जेवले नव्हते म्हणालात ना... म्हणून. जिथं सगळे हसतात तिथंच तोडतो. कॉम्प्युटरवर येतं करता."

"मग मला तरी सांगायचं!"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. न विचारता शेवट सांगणाऱ्या माणसाचा मला भारी राग येतो."

"मग आता विचारते. शेवट काय?"

"कुठल्या पिक्चरचा?"

"ह्याचाच. दर शनिवारी मी डोंगर उतरते, तुमी चिठ्ठी लिवता... ह्याचा."

त्याचे कान लाल झाले, पेनासकट. मग म्हणाला, "ह्याचं अजून मध्यंतरसुद्धा झालेलं नाही."

मी निघाले तेव्हा त्यानं ते निळं प्लास्टिक हातानं वर उचलून धरलं, मला वाकायला लागू नये म्हणून. साचलेलं सगळं पाणी त्याच्या बाहीत उतरलं. तो तसाच उभा... मी बोळाच्या टोकाशी पोचेपर्यंत.

चौदाव्या शनिवारच्या चिठ्ठीत एवढंच होतं, 'जुना. नावाड्याचा. ह्याचा शेवट मला कापवला नाही. पूर्ण भरलाय. आधी तुम्ही बघा, मग आबांना दाखवायचा का ठरवा.' ते कार्ड मुठीत धरून मी वाडीवर पोचले, तर दारात माणसं. बा दुपारीच गेला होता. मोबाइल छातीवर तसाच.

ते कार्ड मी कधीच लावलं नाही.

पुढच्या वर्षी आमचं लग्न झालं. सासूबाई, कस्तुराबाई, आमच्या वाडीच्या पोरीच्या हातचं वर्षभर जेवल्या नाहीत. गोरख मला सांगायचा, "आईचा उपास आहे." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, गुरुवारी दत्ताचा... मी मेली तिच्यासाठी साबुदाणा भिजवत बसायची. हा माणूस नुसते पिक्चरच कापत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

*

आता आम्ही वराळ्याला राहतो, दोन खोल्यांत. चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान. त्या दुपारी डब्यात कागद ठेवून तो दुकानावर गेला. मी स्टुलावर चढले, डबा उतरवला. झाकणावर बोटं ठेवली...

उघडला असता तर शेवट मला कळला असता. पण मग त्यानं एकट्यानं बघितलेला मी एकटीनं बघितला असता. एका घरात दोघं, एकमेकांपासून लपून, एकच पिक्चर बघत बसलेले. मला तो वाचायचा नव्हता. मला ऐकायचा होता, त्याच्या तोंडून. आणि त्याचा नियम मला पाठ होता, विचारल्याशिवाय सांगायचा नाही. विचारायचं मीच होतं.

डबा मी परत वर ठेवला. वाजू न देता.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुकान बंद. दोरीवर चार दिवसांचे दमट कपडे, आणि खिडकीबाहेर ढग इतके खाली, की समोरच्या नव्या इमारतीचे वरचे मजले दिसेनात. इंदू जेवून आमच्या मागं गोधडीत झोपली. गोरखनं निम्मी भाकरी ताटात ठेवली आणि ती आमटीच्या वाटीखाली दडवली.

"अहो."

"हं."

"ते चौदावं कार्ड लावा ना."

त्याचा हात ताटातच थांबला. "आज? का गं?"

"बघितला नाही कधी. तुम्ही लिहिलं होतंत, 'आधी तुम्ही बघा.' बघते."

"शेवट चांगला नाही त्याचा, हर्षा."

"कापलेला नाही ना?"

"नाही."

"मग लावा."

त्यानं डबा काढला. मी साडीचा काठ दुमडत बसले, बघितलंच नाही तिकडे. दुरुस्तीच्या लॅपटॉपला कार्ड लावून आम्ही जमिनीवर शेजारी शेजारी बसलो. गुडघ्याला गुडघा लागला. त्याचा गुडघा हाडाचाच राहिला होता.

पिक्चर जुनाट, मध्येच रेघा. नदीवरचा एक नावाडी. लोकांना पलीकडे नेतो, लग्नाची वऱ्हाडं नेतो. बायको काठावर, तिला पाण्याची भीती.

"ही बाई ओव्हरॲक्टिंग करतेय," मी म्हटलं.

"थांब की. मध्यंतरानंतर सुधारते."

"आणि ह्याला एवढ्या गरिबीत रोज इस्त्रीचा सदरा कुठून?"

"ते जुन्यात चालायचं. माझाही असायचा की... वडगावला."

"तुमचा? तुमच्या बाहीत सारखं पाणी असायचं!"

तो हसला. हात तोंडावर गेला, आणि हसता हसता पोटावर उतरला. मी पडद्याकडे बघत राहिले.

मध्यंतरानंतर नावाड्याची दृष्टी जाते. मग तो काठावर बसून बायकोला वल्हं धरायला शिकवतो. चिडतो, ओरडतो. ती रडत रडत शिकते. आणि शेवटी तो म्हणतो, मला पलीकडे सोड, आता माझं तिकडेच काम आहे. संध्याकाळ. नाव निघते. ती वल्हवते, तो बोलत असतो – पाणी कुठं खोल, कुठं खडक, परतताना कुठल्या झाडावर नजर ठेवायची. ती त्याचं बोलणं पुरं होऊ देते. मध्यावर पडदा काळा होतो.

"संपला?"

"संपला."

"पोचल्याचं दाखवत नाहीत?"

"नाही. इतका साधा होता... आणि कापायला हसरी जागाच सापडेना."

मी सुई साडीत टोचून ठेवली. विचारलं नाही तर अजून काही दिवस अल्सर होता, गोळ्या होत्या...

"अहो, तिसरं पान कुठंय?"

त्यानं पडद्यावरून नजर माझ्याकडे वळवली.

"तू विचारलंस ना?"

"विचारलं."

त्यानं उठून चिठ्ठ्यांच्या खालून कागद काढला. उलगडून माझ्या हातात दिला नाही, आमच्या दोघांच्या गुडघ्यांवर पसरला. चारच ओळी होत्या. शेवटच्या ओळीत महिन्यांचा आकडा. हाताची बोटं पुरून उरतील एवढा. त्यातले दोन जून-जुलैतच गेलेले.

"तुला साबुदाणा भिजवायला लावला परत," तो म्हणाला. "जमेल असं वाटलं होतं. पण हा पिक्चर एकट्यानं बघायचा नाही गं... लय भीती वाटते."

"वाटू दे. मी हाय ना हितं." कितीतरी वर्षांनी माझ्या तोंडून वाडीचे शब्द निघाले. "आता इथून पुढे काही कापायचं नाही. दवाखान्यात मीही येणार. दुखलं तर दुखलं म्हणायचं."

"आणि इंदूला?"

मी कागदाची घडी सरळ केली. तो म्हणाला, "तिच्यासाठी तरी... हसतात तिथं तोडू. थोडंसं."

"सहा वर्षांची आहे ती, अहो."

"म्हणूनच."

मी त्याचा हात हातात घेतला. पेन धरून धरून मधल्या बोटाला पडलेला घट्टा अजून तसाच होता. त्या गठ्ठ्यातल्या एकाही चिठ्ठीत त्यानं कधी 'प्रेम' असं लिहिलं नव्हतं. आत्ता त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि म्हणाला, "हर्षा... मला तुझ्याबरोबर अजून लय पिक्चर बघायचे होते."

मागून गोधडी हलली.

इंदू कोपरावर टेकून आमच्यामधून पडद्याकडे बघत होती. गालावर उशीच्या सुरकुत्या, डोळे पार जागे. कधीपासून, कोण जाणे. पडदा काळाच होता, पण ती बघत होती.

"आई," ती म्हणाली, "ती बाई त्यांना पलीकडे सोडणार ना?"

"हो गं."

"मग येताना ती एकटीच कशी येणार?"