टाकीतला समुद्र

गावात तिला सगळे कासवबाई म्हणत. नवऱ्याला मात्र कुणी कासवबुवा म्हटलं नाही. तो बोट चालवायचा, आणि बोटवाल्याची टिंगल केली तर परत किनाऱ्याला कोण आणणार?

संशोधन केंद्रात बाईंचा संसार एका गोल टाकीभोवती. टाकीला तांब्याच्या तारेचे वेढे. लॉगरहेड जातीच्या समुद्री कासवाच्या पिल्लाला कापडी बंडी चढवायची, दोऱ्याने मधल्या दांडीला बांधायचं आणि तारेत वीज सोडायची. बटण फिरवलं की टाकीत दूरच्या एखाद्या समुद्राचं चुंबकीय क्षेत्र उतरे. आपण तिथेच आहोत असं समजून पिल्लू योग्य दिशेला वळे आणि पुढचे पाय वल्ह्यांसारखे मारत सुटे. कुणी न शिकवता! बाई म्हणत, एवढी अक्कल आमच्या वरिष्ठांना असती तर!

मागच्या आठवड्यात पिल्लं खोल पाण्यात सोडायला गेलेला नवरा परतला नाही. बोट रिकामी सापडली. दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकटाच वाळूतून चालत आला. अंगावर ओरखडाही नव्हता.

सासूबाई आनंदल्या, पण सुनेला बाजूला घेऊन म्हणाल्या, "जेवतो, विचारलं तर बोलतो. पण पाहुण्यासारखा बसतो गं. माझाच मुलगा आलाय ना?"

"काहीतरीच काय, आई!" बाई म्हणाल्या.

आज तो केंद्रात येऊन टाकीशेजारी फिरत्या खुर्चीवर बसला होता. बाईंनी बटण फिरवलं. पिल्लू वळलं. खुर्ची करकरली.

"दादा, तुम्हालाही बंडी चढवू का?" केंद्रातला तंत्रज्ञ हसला.

बाईंनी पुन्हा बटण फिरवलं. पुन्हा करकर. तंत्रज्ञाचं हसू मावळलं.

पिल्लाकडे बघून तो वळत असेल, बाईंनी मनाशी हिशेब मांडला. तारेचा प्रभाव टाकीबाहेर जवळपास नसतोच. त्यांनी नवऱ्याला खुर्चीसकट पलीकडच्या खोलीत बसवलं, तंत्रज्ञाला सोबत दिलं, दार लावून घेतलं.

उत्तरेचा समुद्र. पिल्लू वळलं.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली.

दक्षिणेचा समुद्र.

करकर.

त्यांनी वीजच बंद केली. आता टाकीत उरलं ते इथलं, घरचं क्षेत्र. पिल्लू सावकाश फिरलं आणि थेट खुल्या समुद्राकडे झेपावू लागलं.

पलीकडे करकर झाली. मग शांत.

बाईंनी दार उघडलं. तंत्रज्ञ भिंतीला टेकून उभा होता. नवरा समुद्राकडच्या कोऱ्या भिंतीला तोंड करून बसला होता.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "चला, घरी जायचं ना?"

त्याने मान वळवली. अनोळखी माणसाकडे पाहून हसावं तसा अदबीने हसला.

"हो, जायचंय. पण अजून बरंच लांब आहे."

आणि मांडीवरचे त्याचे दोन्ही तळवे एका लयीत हवा मागे सारत राहिले.