रिकामा ड्रम

हे सांगून मला काहीच मिळणार नाही. उलट घरी कळलं, तर माझीच खरडपट्टी निघेल. मग खोटं कशाला बोलू?

घडलं ते भर दुपारी. मागच्या उन्हाळ्यात, आमच्याच घरामागच्या शेडमध्ये.

आमच्याकडे ट्रॅक्टर आहे आणि डिझेलचा पंप लांब. म्हणून नांगरणीच्या आधी आम्ही कॅन भरून आणतो आणि शेडमधल्या लोखंडी ड्रममध्ये साठवतो. त्या कामात बाबा भारी काटेकोर. कॅन काठोकाठ भरायचा नाही. ट्रॉलीत उभाच बांधायचा. एकदा एक पाहुणे विडी ओढत शेडमध्ये शिरले, तर बाबांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं होतं. पाहुणे पुन्हा आलेच नाहीत!

असा माणूस. आई त्यांच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. मीही.

आता मामाचं सांगते.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. वेल्डर होता. मी लहान असताना आमचा जुना ड्रम आडवा कापून गुरांसाठी पाण्याचं कुंड करायला तो आला होता. डिझेलचा भरलेला ड्रम एकवेळ परवडला, रिकामा नको. तळाशी थोडं उरतं, आत वाफ कोंडते. म्हणून आधी गरम पाणी आणि सोडा घालून तो खळखळून धुवायचा, मगच कापायला घ्यायचा. मामाला हे तोंडपाठ होतं.

तरी ठिणगी पडली आणि ड्रम फुटला.

मामा जागीच गेला.

बाबा सगळ्यांना एवढंच म्हणाले, "ड्रम धुवायचा होता अजून. त्यानं विचारलंच नाही. घाई नडली."

तेव्हापासून मामा म्हणजे आमच्या घरात उतावळेपणाचं उदाहरण. मी जिना धावत उतरले, तरी आई म्हणायची, "मामावर गेलीस बघ." आणि मग पदरानं डोळे पुसायची.

त्या दुपारी मी आणि बाबा कॅन घेऊन आलो. जुन्याच्या जागी आणलेला नवा ड्रम रिकामा झाला होता, तोच भरायचा होता. मी ट्रॉलीतली दोरी सोडत होते.

शेडमधून आवाज आला...

टक्...

टक्... टक्...

ड्रमवर कुणीतरी बोटांची पेरं मारत होतं. वरून खाली. डिझेल कुठवर आहे, हे बघायला मारतात तशी.

मला वाटलं, बाबा असतील.

मान वळवली... तर बाबा माझ्या मागेच उभे. दोन्ही हातांत कॅन.

"चल, ऊन लागतंय," म्हणाले आणि आत गेले.

मी मागोमाग गेले. शेडमध्ये कुणीच नव्हतं.

आणि वासही नव्हता...

त्या शेडची जमीन डिझेल पिऊन काळी झाली आहे. तिथं उभं राहिलं तरी कपड्यांना वास लागतो. त्या क्षणी काहीच नाही. बाबांनी कॅनचं झाकण उघडलं, तरीही नाही.

मग हळूहळू एक वास आला... तापलेल्या लोखंडाचा.



ड्रमच्या आतून कुणीतरी बोललं. अगदी आपलेपणानं.

"भावोजी... धुतलाय ना?"

बाबा नरसाळ्यावर फडकं बसवत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"हो रे. धुतलाय."

सहज म्हणाले. रोज कुणी विचारावं आणि रोज उत्तर द्यावं, तसं.

मी घाबरले. भुताला नव्हे हो, बाबांच्या त्या साध्या आवाजाला. म्हणजे तेव्हा मामानं विचारलं होतं. बाबांनी त्याला हेच सांगितलं होतं. केसानं गळा कापला होता माझ्या बाबांनी.

दारात तांब्या घेऊन आई उभी होती. तिनंही ऐकलं होतं.

"तुम्ही तर म्हणालात, त्यानं विचारलंच नाही."

बाबांनी नरसाळ्यावरचं फडकं काढलं, पुन्हा बसवलं.

"का हो? का सांगितलंत त्याला, धुतलाय म्हणून?"

मग बाबा पुटपुटले, "एवढं पाणी कोण तापवत बसणार? रिकामाच तर होता."

एवढंच. माझ्या मामाचा जीव एवढ्यासाठी गेला!

आईनं आरडाओरडा केला नाही. तिनं तांब्या खाली ठेवला आणि घरात निघून गेली. त्या दिवसापासून ती बाबांशी बोललेली नाही.

दुपार झाली की मात्र ती शेडमध्ये जाते. ड्रमला कान लावून बसते. मी एकदा तिच्या मागे जाऊन उभी राहिले...

टक्... टक्...

"नाही धुतला रे," आई सांगत होती. "खोटं बोलले ते. हात लावू नकोस, बाळा. ऊठ तिथून."



मग मामा हसला. लाडक्या बहिणीला समजवावं, तसा.

"ताई, भावोजी म्हणालेत ना? मग झालं तर."

आई अजूनही रोज सांगते. तो रोज हेच म्हणतो.

बाबा अंगणात खाटेवर पडलेले असतात, तोंड भिंतीकडे करून. त्यांनाही सगळं ऐकू जातं. मला माहीत आहे.

परवा मी आईला म्हणाले, हा ड्रम भंगारात देऊन टाकू. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"भंगारवाला तो कापेल ना गं," म्हणाली.