मानेपाशी थबकलेला हात

हातातली पेटी सुटली हे छोटीला आधी हाताने कळलं नाही, कानांनी कळलं. पुठ्ठ्याची गोल पेटी धडाधड पायऱ्या उतरत गेली. झाकण एकीकडे उडालं आणि आतला कुरळ्या केसांचा टोप घरंगळत थेट खालच्या मजल्यावर, दारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका उंच माणसाच्या बुटांवर जाऊन पडला.

तो टुणकन मागे उडाला. "अरे बापरे! हे... जिवंत आहे का?"

"नाटकातलं आहे," छोटी धापा टाकत म्हणाली. "खलनायकाचे केस."

"खलनायक असून एकदम पायच धरले!" त्याने खाली वाकून ओंजळीत तो टोप उचलला, कोंबडीचं पिल्लू उचलावं तसा. वर बघितलं आणि त्याचं हसू थांबलं. छोटी उजवा हात झटकत होती, ओल्या हाताचं पाणी झटकावं तशी.

"नेहमी झटकता असा?"

"सवय आहे."

"झोपेतून उठूनसुद्धा?"

छोटी चपापली. हाताला मुंग्या येऊन जाग येते, पलंगाच्या कडेवरून हात लोंबता सोडून बसावं लागतं, हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं.

"अंगठा आणि शेजारची दोन बोटं. करंगळी बिचारी शहाणी, ती कधी तक्रार करत नाही. बरोबर?"

"तुम्ही ज्योतिषी आहात का?"

त्याने मागच्या दारावरची पाटी दाखवली. कायरोप्रॅक्टर. माणसांचे मणके आणि सांधे नुसत्या हातांनी हलवून जागेवर आणणारा डॉक्टर.

वरच्या मजल्यावर नाटकांसाठी केसांचे टोप बनत. लाकडी डोक्यावर बारीक जाळी ताणायची आणि सुईएवढ्या आकडीने तिच्यात केस गुंफायचे. प्रत्येक गाठीला मनगटाचा एक छोटा हिसका. दिवसभर तेच. छोटीच्या हातात कसब होतं, म्हणून कपाळाच्या कडेचं नाजूक काम मालकीणबाई तिच्याशिवाय कुणाला देत नसत. त्या मोसमात मोठ्या नाटकातल्या म्हाताऱ्या राणीचा पांढरा टोप तिच्याकडे आला होता, आणि नेमकी तेव्हाच आकडी बोटांतून गळून पडू लागली होती. हे काम गेलं तर खाली बसून केस धुवायचे आणि विंचरायचे, बस्स. ती रोज आकडी उचलायची, इकडेतिकडे बघायची, कुणी पाहिलं तर नाही ना...

ती त्याच्याकडे जाणार हे घरी कळलं तेव्हा ताईच्या नवऱ्याला, भावजींना, चेव आला. "कोण, तो हाडं वाजवणारा? कडकडे डॉक्टर! छोटे, त्याच्या हातात मान देऊ नकोस हो. परत देईल याची खात्री नाही."

"तुमचं तोंडच नेते त्याच्याकडे," ताई म्हणाली. "बंद करून मिळतं का बघते."

छोटी गेली. पहिल्या दिवशी त्याने तिला हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून, बोटं जमिनीकडे करून धरायला सांगितलं. थोड्याच वेळात मुंग्या आल्या.

"मनगटात एक अरुंद बोगदा असतो," तो म्हणाला. "नस त्यातून जाते. तुम्ही दिवसभर हिसके देता, बोगदा सुजतो, नस चेंगरते. पण ती नस निघते मानेतून. त्यामुळे बोंब मनगट मारत असलं, तरी चौकशी वरपासून करत यायची."

त्याचे हात उबदार होते आणि त्यांना घाई नव्हती. मनगटातली चिमुकली हाडं तो एकेक करून हलवायचा. मग कोपर, खांदा, आणि शेवटी मागे उभं राहून मान. एक क्षण स्तब्ध... आणि कड! दर वेळी छोटी डोळे मिटून घ्यायची, दर वेळी तो म्हणायचा, "झालं, आहात तुम्ही जागेवर." झोपताना बांधायला त्याने मनगटाची पट्टी दिली. हळूहळू तिला सलग झोप लागायला लागली.

"एका वेळी एकच केस गुंफता?" त्याने एकदा विचारलं.

"कपाळापाशी एकच. मागे तीन-चार चालतात. मागे कोण बघतं?"

"मी बघतो. माझं निम्मं काम मागूनच असतं."

"मग... कशी आहे माझी मान?" शब्द तोंडातून निसटले आणि तिला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

"ताठ," तो म्हणाला. "फार ताठ. पण... छान आहे."

त्यानंतरच्या भेटीत ते घडलं. खिडकीवर बारीक पाऊस टकटकत होता. मनगट झालं, खांदा झाला. तो मागे येऊन उभा राहिला, बोटं मानेवर टेकली. छोटीने नेहमीसारखे डोळे मिटले आणि वाट पाहिली. कड झालं नाही. बोटं मानेवर तशीच राहिली, आणि ती थरथरत होती. मग ती दूर झाली. त्याने जाऊन उगाचच हात धुतले.

"पुढच्या वेळेपासून तुम्ही आमच्या बाईंकडे जा," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "शेजारच्या खोलीत. त्यांनीच मला शिकवलं. त्यांचा हात माझ्यापेक्षा पक्का आहे."

"का? काय झालं?"

"काही नाही. तेच... बरं पडेल."

माणूस चाचपता चाचपता थांबतो, त्याची बोटं थरथरतात, तो आपल्याहून मोठ्या डॉक्टरकडे पाठवतो, म्हणजे काय ते सांगायला हवं का? त्याला काहीतरी भयंकर लागलं होतं हाताला. हात गेला आपला.

ती बाईंकडे गेलीच नाही. कशाला जायचं, तेच तोंडावर ऐकायला? दुकानात ती आकडी हातात धरायची आणि परत खाली ठेवायची. जेवताना ताईने दोनदा हाक मारली तरी ऐकू येईना. शेवटी मालकीणबाईंसमोर जाऊन ती एका दमात म्हणाली, "राणीचा टोप दुसरीला द्या. माझा हात आता चालायचा नाही."

मालकीणबाई तोंडाने फटकळ. "हाताने सांगितलं की डोक्याने?" त्यांनी टोपावर कापड टाकलं. "आठवडा संपेपर्यंत हा इथेच. मग मात्र देईन हो दुसरीला."

दुसऱ्या दिवशी दुपारी, बाकीच्या मुली खाली चहाला गेल्या असताना, तो जिना चढून वर आला. रांगेने मांडलेल्या टकल्या लाकडी डोक्यांमध्ये बावरून उभा राहिला.

"तुम्ही बाईंकडे गेला नाहीत."

"खरं सांगा," छोटी आकडी खाली ठेवून म्हणाली. "हात गेला ना माझा?"

"हात?" तो गोंधळला. "हाताला काय झालं? हात तर सुधारतोय."

"मग थरथरलात कशाला? माझी मान धरून?"

तो जवळच्या लाकडी डोक्याशी बोलावं तसा बोलू लागला. "मानेला झटका द्यायचा तर हात निर्धास्त लागतो. समोर मान आहे, मणके आहेत, बाकी काही नाही, असा. त्या दिवशी माझ्या मनात आलं, हिला जरा जरी लागलं तर... आणि हात घाबरला. आतापर्यंत कधी घाबरला नव्हता. कोणाच्याच मानेला."

छोटीला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा कानांच्या पाळ्यांपर्यंत ऊन लागल्यासारखं झालं. आणि लगेच राग आला. "मग हे तेव्हा सांगता येत नव्हतं? चार दिवस मी माझ्या हाताचं सुतक पाळतेय!"

"पेशंटला असलं काही बोलायचं नसतं. आमच्यात चालत नाही ते."

"मग आत्ता का बोललात?"

"तुम्ही उपचार सोडलेत म्हणून." तो जिन्याकडे वळला, मग थांबला. "आता तुम्हीच ठरवा. माझ्याकडेच यायचं असेल तर या. मी हात ताब्यात ठेवीन, तुमचं मनगट नीट करीन, आणि हा विषय पुन्हा कधी काढणार नाही. नाहीतर बाईंचं दार आहे."

तो गेला. छोटी आकडी हातात घेऊन बसून राहिली. जगात एकाच माणसाच्या हातांवर तिचा भरवसा बसला होता. त्याच्याकडे गेली तर हात वाचेल, तो मात्र परका होईल. तो हवा असेल तर हे मनगट, हे पोटापाण्याचं मनगट, कोणा अनोळखी बाईच्या हवाली करायचं. आणि तिला नाही जमलं तर? काळजीने ती दिवसभर ओठ चावत राहिली.

आठवड्याच्या शेवटी ती खाली उतरली. दोन्ही दारं शेजारीशेजारी. त्याचं दार अर्धवट उघडं होतं, आत तो पाठमोरा उभा होता, आणि तो काही कामात नव्हता हे पाठीवरूनसुद्धा कळत होतं. तिने दुसऱ्या दारावर टकटक केली.

बाई ठेंगण्या, पिकल्या केसांच्या, दंडाने मजबूत. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू त्याची पेशंट ना गं?"

"होते," छोटी म्हणाली. "आता नाही."

बाईंच्या भुवया वर गेल्या. त्यांनी छोटीला खुर्चीत बसवलं. मनगट बघितलं, दाबलं, फिरवलं, आणि राणीच्या टोपाची हकिगत ऐकून घेतली. त्यांचे हात थंड होते, खडबडीत होते, पण चुकत नव्हते. "वाचेल," त्या म्हणाल्या. "पण हट्ट सोडायचा. थोडं काम झालं की आकडी खाली ठेवायची, उठायचं, हात सैल सोडायचा. राणीला काही घाई नसते."

मग त्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. छोटीने डोळे मिटले. मानेत स्पष्ट आवाज झाला, कड!

शेजारच्या खोलीत खुर्ची धाडकन पडली. कोणीतरी घाईघाईने दाराशी येऊन थांबलं.

"धडधाकट आहे रे!" बाई दाराकडे तोंड करून ओरडल्या. "आणि मान तुझ्याच बाजूला वळवतेय, तेव्हा आत ये, उगाच दाराला कान लावून ताटकळू नकोस."